सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचे सॉफ्टवेअर, नोकरी सांभाळून, एकट्याने: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत नोकरी आहे, आठवड्याला आठ-दहा तास मिळतात. छोट्या गृहनिर्माण सोसायट्यांसाठी मेंटेनन्सची बिले, पावत्या आणि थकबाकी सांभाळणारे वेब सॉफ्टवेअर एकट्याने बनवून विकायचे आहे. काय बनवावे, खर्च किती, किंमत किती ठेवावी आणि नोकरी कधी सोडावी?

आठवड्याला आठ तास म्हणजे वर्षाला जेमतेम चारशे तास. त्यातले किती तास ग्राहकांच्या फोनवर जातात यावरच हा धंदा टिकतो की नाही ते ठरते. सर्व्हर स्वस्त आहे, कोड तुम्हाला येतो. म्हणून पुढचा प्रत्येक सल्ला याच एका हिशेबाने दिला आहे.

सर्वांत मोठा निर्णय कोड लिहिण्याआधीचा आहे: विकायचे कोणाला? सगळे जण सोसायटीच्या कमिटीकडे जातात. तिथे सेक्रेटरी, खजिनदार आणि अध्यक्ष अशा तिघांना पटवावे लागते, ठराव होईपर्यंत दोन-तीन महिने जातात आणि मग वर्षभरात खजिनदार राजीनामा देतो. नवा खजिनदार म्हणतो, ‘मला काही माहीत नाही, पहिल्यापासून दाखवा.’ चाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीकडून वर्षाला दोन-अडीच हजार मिळणार असतील, तर एवढा वेळ परवडत नाही.

छोट्या सोसायट्यांचे हिशेब बहुधा बाहेरचा अकाउंटंट लिहितो. असा एक माणूस वीस-पंचवीस सोसायट्या सहज सांभाळतो. जमाखर्च टॅलीत असतो, बिले एक्सेलमध्ये, आणि दर तिमाहीला एक्सेलमधली थकबाकी टॅलीशी जुळवण्यात त्याचे तीन-चार दिवस जातात. तुमचा ग्राहक हाच. त्याला एकदा शिकवले की पंचवीस सोसायट्या चालू होतात. नावे-जमा त्याला तुमच्यापेक्षा चांगले कळते आणि सभासदाचा ‘माझे बिल चुकले’ हा फोन त्याच्याकडे जातो, तुमच्याकडे येत नाही. धोका एकच: तो गेला की पंचवीस सोसायट्या एकदम जातात. म्हणून दुसऱ्या वर्षापर्यंत कोणत्याही एका अकाउंटंटकडून येणारी रक्कम एकूण उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत आणा.

असा एक अकाउंटंट गाठा आणि पहिले तीन आठवडे कोडला हात लावू नका. त्याच्याकडून एकाच सोसायटीचे कागद मागा: मागच्या वर्षीची चारही तिमाही बिले, सभासदांची यादी, थकबाकीची यादी आणि ३१ मार्चचा ताळेबंद. त्यावरून चारही तिमाहींची बिले तुम्ही स्वतः एक्सेलमध्ये रुपयाला रुपया जुळवून दाखवा. जिथे जुळणार नाही तिथे त्याला विचारा. ‘या फ्लॅटला पार्किंग दोन, पण एकाचेच पैसे, कारण सभेचा ठराव आहे’ अशी उत्तरे येतील. ती लिहून ठेवा. हीच तुमची खरी आवश्यकतांची यादी आहे.

आता बिलाचे पोट. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) प्रत्येक खर्च वेगळ्या पायावर वाटला जातो. सेवा शुल्क सर्व फ्लॅटना सारखे, क्षेत्रफळ कितीही असो. पाणीपट्टी नळजोडण्यांच्या संख्येवर आणि आकारावर. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस), तेही सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. म्हणजे प्रत्येक शीर्षाला, म्हणजे बिलातल्या प्रत्येक बाबीला, वाटपाची पद्धत जोडता आली पाहिजे: समान, क्षेत्रफळावर, नळांवर, बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर, दुसऱ्या शीर्षाच्या टक्क्यावर, किंवा फ्लॅटनिहाय हाताने भरलेली रक्कम. या सहा पद्धतींत बहुतेक सोसायट्या बसतात. सूत्रे लिहिण्याची सोय ग्राहकाला देऊ नका. एकदा दिली की प्रत्येक चुकलेले सूत्र शोधण्याचे काम रात्री अकरा वाजता तुमच्याकडे येते.

पुण्यात एक गोष्ट हमखास फसवते. बाहेरून सोसायटी दिसणाऱ्या कित्येक इमारती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या असतात. तिथे सामाईक खर्च डीड ऑफ डिक्लरेशनमधल्या (इमारतीच्या घोषणापत्रातल्या) अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा असतो. सोसायटी की अपार्टमेंट हे नोंदणीच्या पहिल्याच पानावर विचारा आणि अपार्टमेंटसाठी ही सातवी पद्धत ठेवा. उलट, सभासदामागे महिना ७,५०० रुपयांवर मेंटेनन्स आणि वर्षाला २० लाखांवर उलाढाल असलेल्या, जीएसटी भरणाऱ्या मोठ्या सोसायट्या पहिल्या वर्षी सरळ नाकारा. त्यांना करबीजक, विवरणपत्राचे आकडे, वजावट असे सगळे लागते आणि तुमचे चारशे तास एकाच ग्राहकात संपतात.

व्याजात बहुतेक नवी सॉफ्टवेअर चुकतात, म्हणून इथे थोडे थांबतो. थकबाकीवरचे व्याज सरळ असते, चक्रवाढ नाही. आदर्श उपविधींनी कमाल मर्यादा द.सा.द.शे. २१ दिली आहे आणि त्या मर्यादेत दर सर्वसाधारण सभा ठरवते. समजा तिमाही बिल ६,००० रुपये आहे आणि सभासदाने भरलेच नाही. पुढच्या बिलात तीन महिन्यांचे व्याज ३१५ रुपये. तेही बिल थकले. तिसऱ्या बिलात मुद्दल १२,००० वर ६३० रुपये लागले पाहिजेत. तुम्ही थकबाकीचा एकच आकडा ठेवला असेल तर सॉफ्टवेअर १२,३१५ वर व्याज काढते, ६४६.५४ रुपये. फरक साडेसोळा रुपयांचा दिसतो, पण वसुलीचे प्रकरण उपनिबंधकांकडे गेले की समोरचा वकील नेमका हाच फरक दाखवतो, आणि अकाउंटंटची अब्रू जाते. म्हणून थकीत मुद्दल आणि थकीत व्याज पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या खात्यांत ठेवा. अर्धवट रक्कम आली तर आधी व्याजात जमा करायची की मुद्दलात, हे सोसायटीनिहाय ठरवता येऊ द्या. दोन्ही प्रथा चालू आहेत.

दर बदलतात. त्यामुळे व्याजदर असो वा सेवा शुल्क, प्रत्येक दराला ‘अमुक तारखेपासून लागू’ अशी तारीख हवी. आणि बिल तयार झाले की त्यातले आकडे त्या बिलासोबतच कायमचे साठवा. जुने बिल उघडताना आजच्या दराने पुन्हा गणित करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे: ऑगस्टमध्ये दर वाढवला की एप्रिलचे बिलही बदलते आणि लेखापरीक्षक सही करत नाही.

हिशेबाची रचना खतावणीसारखी ठेवा. नोंद पुसायची नाही, बदलायची नाही. चूक झाली तर उलट नोंद टाकायची. चेक परत आला तर पावती खोडू नका. तेवढ्याच रकमेची उलट नोंद, बँकेचा दंड वेगळ्या शीर्षाखाली, आणि मूळ बिलाच्या मुदतीपासून व्याज पुन्हा चालू. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा, दशांश अपूर्णांकात नको. बिल रुपयाला पूर्ण करताना उरलेले पैसे ‘राउंड ऑफ’ या वेगळ्या शीर्षाखाली टाका, नाहीतर चाळीस बिलांची बेरीज आणि शीर्षनिहाय बेरीज कधीच जुळणार नाही. खाते सभासदाचे ठेवा, नुसते फ्लॅटचे नको. फ्लॅट विकला गेला की जुन्या मालकाची पावती नव्या मालकाच्या नावाने निघता कामा नये.

‘बिले तयार करा’ हे बटण कोणीतरी दोनदा दाबणारच. सोसायटी, फ्लॅट आणि कालावधी या तिघांच्या जोडीला एकच बिल, अशी अनन्यतेची अट डेटाबेसमध्येच घाला. स्क्रीनवर बटण निष्क्रिय करणे पुरेसे नाही. बिले आधी कच्ची निघावीत, मागच्या तिमाहीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक असलेले फ्लॅट वेगळ्या रंगात दिसावेत आणि मग अकाउंटंटने ‘पक्के करा’ म्हणावे. या एका पानाने मदतीचे फोन निम्म्यावर येतील असे मी छातीठोकपणे सांगेन.

एका सोसायटीची यादी दुसऱ्या सोसायटीला दिसणे ही अशी चूक आहे की एकदा झाली तर त्या भागातला धंदा संपला. प्रत्येक तक्त्यात सोसायटीचा क्रमांक ठेवा आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची ओळनिहाय सुरक्षा चालू करा. मग एखाद्या क्वेरीत अट लिहायची राहिली तरी डेटाबेस दुसऱ्याच्या ओळी देत नाही. इथे एक खाच आहे: तक्त्याची मालकी असलेल्या डेटाबेस वापरकर्त्याला हे नियम आपोआप लागू होत नाहीत. ॲप वेगळ्या, कमी अधिकारांच्या वापरकर्त्याने जोडा आणि तसे जोडलेले असल्याची चाचणी लिहून ठेवा. सभासदांची नावे आणि फोन तुमच्याकडे येतात, म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही तुम्हाला बघावा लागतो. आधार, पॅन मागूच नका. बिलाला ते लागत नाहीत.

बाकी तंत्रज्ञानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जांगो, लॅराव्हेल किंवा रेल्स, या वेब फ्रेमवर्कपैकी जे तुम्हाला झोपेतही येते ते घ्या. एकच सर्व्हर, पोस्टग्रेस त्याच्यावरच. दोन जीबी मेमरीचा सर्व्हर महिना हजार-बाराशे रुपयांत मिळतो, डोमेनला वर्षाला हजारभर. ॲमेझॉनची ईमेल सेवा हजार मेलना दहा सेंट घेते. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्कच्या नोंदी (मेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) मात्र पहिल्या बिलाआधीच लावा, नाहीतर सगळी बिले स्पॅममध्ये जातील. रोज रात्री डेटाबेसची प्रत काढून वेगळ्याच कंपनीच्या साठवणीत ठेवा आणि दर महिन्याच्या एका रविवारी ती प्रत नव्या सर्व्हरवर उतरवून एका सोसायटीची थकबाकी जुळते का ते पाहा. उतरवून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नका.

मराठीसाठी मात्र वेळ राखून ठेवा. अनेक पीडीएफ लायब्रऱ्या देवनागरी अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवतात. मग वेलांटी चुकीच्या जागी जाते, जोडाक्षरे फुटतात आणि ‘सर्व’मधला रफार भलत्याच अक्षरावर बसतो. हेडलेस क्रोमियमने (पडद्याशिवाय चालणाऱ्या ब्राउझरने) किंवा वीझीप्रिंटने पीडीएफ काढा. दोन्ही अक्षरजुळणी नीट करतात. नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट सर्व्हरवर स्वतः बसवा. जुन्या एक्सेल फायली बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. त्या वाचताना निरर्थक रोमन अक्षरे आली तर फाईल बिघडलेली नाही, तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागेल, आणि रूपांतरानंतर नावे अकाउंटंटकडून डोळ्यांखालून घालून घ्यावी लागतील.

त्याहून बारीक अडचण शोधण्याची. ‘कऱ्हाडकर’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, एकदा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एक सापडतो, दुसरा नाही. ‘ॲ’चेही तेच: एक स्वतंत्र अक्षर आणि दुसरे ‘अ’वर चंद्र. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही. शोधासाठी नावाची वेगळी, एकाच रूपात आणलेली प्रत साठवा. एसएमएसचा विचार असेल तर लक्षात घ्या की देवनागरी संदेशात ७० अक्षरेच बसतात, इंग्रजीत १६०. शिवाय डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेवर) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव, आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. पहिल्या वर्षी हे सोडून द्या. बिलाची लिंक अकाउंटंट स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून पाठवतो, तेवढे पुरते. अनधिकृत साधनांनी व्हॉट्सॲपवर घाऊक पाठवणी करू नका. नंबर बंद पडला तर तो त्याच्या धंद्याचा नंबर असतो.

सभासदांचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवण्याचा मोह टाळा. दुसऱ्यांचे पैसे गोळा करून पुढे देणे हे रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने पेमेंट ॲग्रिगेटरचे काम आहे आणि त्याला परवानगी लागते. त्याऐवजी प्रत्येक बिलावर सोसायटीच्याच युपीआय आयडीचा क्यूआर छापा, त्यात रक्कम आणि टिपेत फ्लॅट क्रमांक भरून. पैसे थेट सोसायटीच्या खात्यात जातात. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ती टीप दर वेळी येतेच असे नाही, म्हणून स्टेटमेंटची फाईल चढवल्यावर रक्कम, तारीख आणि भरणाऱ्याचे नाव पाहून फ्लॅट सुचवणारे पान लागेल. ‘याच नावाने मागच्या वेळी बी-२०४ चे पैसे आले होते’ एवढे लक्षात ठेवले तरी दोन तिमाहींनंतर बहुतेक नोंदी आपोआप जुळू लागतात. न ओळखलेली रक्कम सस्पेन्स खात्यात राहावी, अंदाजाने कोणाच्या नावावर टाकू नये.

पहिल्या आवृत्तीत सभासद, शीर्षे, बिले, पावत्या, व्याज, सभासदाचे खाते, थकबाकीची यादी आणि टॅलीत जाणारी एक्सएमएल फाईल एवढेच. टॅलीतील लेजरची नावे एका स्पेसनेही वेगळी असली तर नोंद नाकारली जाते किंवा चुकीच्या जागी जाते, म्हणून नावांची जुळवणी सोसायटीनिहाय साठवा. गेटवरची नोंद, तक्रारी, मतदान, मोबाइल ॲप यांना हात लावू नका. त्या मैदानात मायगेट, नोब्रोकरहूड, अड्डा ही ॲप्स आधीच आहेत आणि अकाउंटंटला ते नकोही असते. शंभर-सव्वाशे तासांत एवढे उभे राहते. त्यानंतर एक पूर्ण तिमाही एक्सेल आणि तुमचे सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवा. दोन्हींची बेरीज जुळल्याशिवाय एक पैसाही मागू नका.

किंमत फ्लॅटमागे आणि वर्षाची आगाऊ ठेवा. माझ्या मते फ्लॅटला वर्षाला ६० रुपये आणि सोसायटीला किमान २,००० हा सुरुवातीचा दर योग्य आहे. चाळीस फ्लॅटचे २,४००, पंचवीस सोसायट्यांचे ६०,०००. असे दहा अकाउंटंट म्हणजे वर्षाला सहा लाख, आणि तेवढे एकट्याने सांभाळता येतात. दरमहा आपोआप वळते होणाऱ्या वर्गणीच्या नादी लागू नका. सोसायटीच्या खात्यातून पैसे द्यायला बहुधा दोन सह्या लागतात, तिथे ऑटोपे चालतच नाही. चेक किंवा एनईएफटी घ्या आणि त्याच दिवशी बिल-पावती द्या. अकाउंटंटला सूट द्यायची तर बिलावर दाखवून द्या. गुपचूप कमिशन दिले आणि कमिटीला कळले तर तो आणि तुम्ही दोघेही बाहेर. जुना डेटा चढवण्याचे वेगळे पैसे घ्या, सोसायटीमागे हजार तरी. फुकट म्हटले की अर्धवट याद्या येतात. सुरुवातीची शिल्लक चढवल्यावर सभासदांकडील येणे ताळेबंदाशी जुळते का, ते अकाउंटंटकडून लेखी घ्या.

कागदपत्रांत आधी तुमचे नेमणूकपत्र काढून वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. अनेक करार त्याहून पुढे जातात आणि बाहेरचे काम लेखी परवानगीशिवाय मनाई करतात. परवानगी ईमेलवर मागा, तीत ‘गृहनिर्माण सोसायट्यांचे बिलिंग’ असे नेमके लिहा, आणि ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचे लायसन्स, ऑफिसचा वेळ यांपैकी काहीही वापरू नका. एकल मालकी पुरते. चालू खात्यासाठी बँक गुमास्ता (दुकाने व आस्थापना नोंदणी) आणि उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मागते. कामगार नसतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे गुमास्त्याची नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि उद्यम मोफत आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पगार या उलाढालीत धरत नाहीत. पण आयकराचे विवरणपत्र बदलते: धंद्याचे उत्पन्न आले की आयटीआर-१ चालत नाही. पहिल्याच वर्षी सीएला तासाभराची फी द्या.

वर्षाचे वेळापत्रक सोसायट्यांच्या वर्षाशी बांधा. ३१ मार्चला वर्ष संपते, ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा. एप्रिल ते जुलै अकाउंटंट मान वर करत नाही, तेव्हा विकायला जाऊ नका. ऑक्टोबर ते डिसेंबर दाखवा, जानेवारीची तिमाही शेजारी शेजारी चालवा, १ एप्रिलपासून पक्के सुरू करा. तिमाही बिले एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघतात. त्या महिन्यांच्या आधीच्या २५ तारखेपासून ते १० तारखेपर्यंत नवा कोड चढवायचा नाही, चूक अगदीच गंभीर असल्याशिवाय. दिवसा फोन घेता येणार नाही हे विकतानाच सांगा: संदेश कधीही पाठवा, उत्तर रात्री आठ ते नऊ. ही अट मान्य नसलेला ग्राहक आत्ता तुमचा नाही. प्रत्येक प्रश्न वहीत लिहा. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की उत्तर देऊ नका, पान बदला.

नोकरी सोडण्याचा निर्णय नव्या विक्रीवर घेऊ नका. नवी विक्री तुमच्या उत्साहावर होते, नूतनीकरण कामाच्या दर्जावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जुन्या सोसायट्यांनी भरलेली रक्कम घरखर्चाच्या नऊ महिन्यांइतकी झाली, आणि मदतीचे काम आठवड्याला चार तासांच्या आत राहिले, तर विचार करा. पहिली अट पुरी आणि दुसरी नाही, तर नोकरी सोडून तो प्रश्न सुटणार नाही. आधी उत्पादन दुरुस्त करा.

शेवटी एक काम, जे पहिल्या आवृत्तीतच हवे. तुम्ही एकटे आहात आणि प्रत्येक शहाणा अकाउंटंट विचारतो, ‘तुम्हाला काही झाले तर?’ सोसायटीची सगळी बिले पीडीएफमध्ये आणि सगळी खाती एक्सेलमध्ये एका फाईलीत उतरवणारे बटण द्या, आणि दर तिमाहीला बिले पक्की झाल्यावर ती फाईल अकाउंटंटच्या ईमेलवर आपोआप जाऊ द्या. सेवा बंद करायची झाल्यास नव्वद दिवसांची लेखी सूचना आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत, हे करारात लिहा. सर्व्हर, डोमेन आणि बॅकअपचे पासवर्ड घरातल्या एका माणसाला कुठे सापडतील ते सांगून ठेवा, आणि सेवा व्यवस्थित बंद कशी करायची हे एका पानावर मराठीत लिहून त्याच्याच शेजारी ठेवा.